अंकारा येथील अनीतकबीर : दोन स्तरांची वास्तू

केमाल आतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ रोजी निवर्तले. त्यांचा देह प्रथम अंकारा येथील लोकजीवन-संग्रहालयात ठेवण्यात आला. अनीतकबीर या स्मारकात तो १० नोव्हेंबर १९५३ रोजी नेण्यात आला. या विलंबामागे युद्धकालीन टंचाई होतीच. परंतु त्याहून बिकट असा एक वैचारिक प्रश्नही होता. ज्या प्रजासत्ताकाने १९२५ साली जुने मकबरे कायद्याने बंद केले, त्याने आपल्या संस्थापकाची कबर कोणत्या रूपात उभारावी?

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून निवडलेली एमीन ओनात व ओरहान आर्दा यांची योजना हे त्याचे उत्तर होय. तीत घुमट नाही, मिनार नाही. २६२ मीटर लांबीच्या मार्गावर हिटाइट धर्तीचे २४ सिंह बसविलेले असून पुढे चौकोनी स्तंभांनी वेढलेले सभागृह आहे. ऑटोमन वारसा ओलांडून इस्लामपूर्व अनातोलियाशी नाते जोडण्याचा हा प्रयत्न उघड आहे. सभागृहावरील नियोजित मजला काटकसरीसाठी वगळला गेल्याने वास्तूला प्राचीन मंदिराची आडवी आकृती लाभली.

तथापि सभागृहातील सुमारे ४० टनांची शिला केवळ प्रतीकात्मक आहे. प्रत्यक्ष कबर तिच्याखाली, सेल्जुक-ऑटोमन परंपरेतील अष्टकोनी दालनात असून ती किब्ल्यास अनुसरून आहे. वर जी परंपरा नाकारली, तीच खाली स्वीकारावी लागली. यास्तव केवळ दर्शनी भागावरून या प्रजासत्ताकाच्या इतिहासदृष्टीविषयी निर्णय देणे युक्त होणार नाही.