अनेक गळ्यांची चाल : समूहगानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत गाण्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. घराणी, बंदिशी, नाट्यपदे, भावगीते, गायकांच्या आठवणी... कपाटे भरतील. पण हे बहुतेक लेखन एका गळ्याचे आहे. गाणारा एक, बाकीचे साथीला. पन्नास माणसे एकत्र गातात तेव्हा पट्टी कोण ठरवतो, कोणाचा आवाज बुडतो, चाल बांधणाऱ्याला कशावर पाणी सोडावे लागते, या प्रश्नांकडे आपल्या संगीतसमीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. तेव्हा या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांचे स्वागत करताना पहिली गोष्ट हीच सांगायची, की इथे गर्दी नाही.

धसईच्या वाचकाने तर बिनधास्त यावे. मुरबाड तालुक्यातल्या या बाजारगावाचे नाव डिसेंबर 2016 मध्ये रोकडविरहित व्यवहारांपायी वर्तमानपत्रांत झळकले होते. गाण्यासाठी काही कोणी कॅमेरा घेऊन येत नाही. पण टोकावड्यापासून डोळखांब-किन्हवलीपर्यंत कुठल्याही हरिनाम सप्ताहाला जाऊन नीट कान द्या. बुवा अभंग उचलतात, टाळकरी चरण संपेपर्यंत दम धरतात आणि ध्रुवपदाला सगळे एकदम तुटून पडतात. पेटी बहुधा काळी चारच्या आसपास. तयार गळ्यांना ती पट्टी शोभते. साध्या गळ्याचा माणूस मात्र वरच्या षड्जाच्या उंबरठ्यावर अडखळतो आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने एक सप्तक खाली उतरतो. शाळेत उलटे. मास्तरांनी स्वतःच्या सोयीने काळी एक धरली की मुलींची पंचाईत. लग्नात धवळे म्हणणाऱ्या धवलारिणींना पेटीच नसते, तरी एकीने सुरू केलेले दुसरीने कुठे उचलायचे हे पक्के ठरलेले असते. हे सगळे समूहगानाचे शास्त्रच आहे. फक्त ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

या शास्त्राचे युरोपातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे बेथोव्हनची नववी सिंफनी. लुडविग फान बेथोव्हन 1770 साली जर्मनीतल्या बॉन गावी जन्मला, 1792 मध्ये व्हिएन्नाला आला आणि 1827 मध्ये तिथेच वारला. तिशीच्या आतच त्याला ऐकू कमी येऊ लागले. 1802 च्या ऑक्टोबरात त्याने भावांच्या नावे एक पत्र लिहिले. त्यात बहिरेपणाची लाज, एकटेपण, जीव देण्याचे विचार, सगळे मोकळेपणाने आले आहे. पत्र त्याने कधी धाडले नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. शेवटच्या वर्षांत भेटायला आलेले लोक आपले म्हणणे वहीत लिहून दाखवत. अशा माणसाने 7 मे 1824 रोजी व्हिएन्नाच्या नाट्यगृहात नववी सिंफनी सादर केली. वादक-गायकांना आधीच बजावले होते, की याच्या हाताकडे पाहू नका, संचालक उमलाउफकडे पाहा. टाळ्या झाल्या त्या याला ऐकू आल्या नाहीत. कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला प्रेक्षकांकडे वळवले, तेव्हा कुठे कळले.

ही हकिकत इतक्यांदा सांगितली जाते, की तिच्या भावुकतेत संगीत मागे पडते. अभ्यासकाने पाहायचे ते वेगळे. सिंफनी म्हणजे वाद्यांची रचना, त्यात गळ्याला जागा नसे. बेथोव्हनने शेवटच्या भागात चार एकल गायक आणि मोठा समूह आणला, आणि तोही तीन लांबलचक भाग नुसत्या वाद्यांवर काढून. शिलर या कवीच्या आनंदगीतासाठी त्याने बांधलेली मुख्य चाल पेटीवर वाजवून पाहण्यासारखी आहे. सगळे स्वर शुद्ध. सुरुवात गंधारावर, तिथून पंचमापर्यंत चढ, मग एकेक पायरी उतरत षड्जावर, पुन्हा गंधाराकडे. पाऊल जवळजवळ नेहमी शेजारच्या स्वरावरच पडते. फक्त एकदा ती मंद्र पंचमाला स्पर्श करून येते. षड्ज ते पंचम, एवढ्या अंगणात सारा खेळ. पहिलीतले पोरही दोनदा ऐकून म्हणेल. ही चाल तो आधी खर्जातल्या तंतुवाद्यांवर एकटी वाजवून दाखवतो, हळूहळू बाकीची वाद्ये मिसळतो, आणि ती श्रोत्याच्या ओठांवर आली, की मग गळ्याला सोडतो.

पण याच रचनेत पुढे समूहातल्या बायकांना तार स्वरावर इतका वेळ अडकवून ठेवले आहे, की भले भले कॉयर तिथे लाल होतात. गायिकांनी तेव्हाच तक्रार केली होती, पण गडी ऐकेल तर शपथ. म्हणजे एकाच कृतीत दोन बेथोव्हन आहेत, एक सर्वांना सामावून घेणारा आणि दुसरा गळ्यांचे हाल करणारा. माझा कौल पहिल्याला. जपानात पहिल्या महायुद्धातल्या जर्मन कैद्यांनी 1 जून 1918 रोजी बांदो इथल्या छावणीत ही सिंफनी वाजवली आणि आज तिथे डिसेंबर आला की गावोगावचे हौशी लोक ती गातात. ओसाकात 1983 पासून दहा हजारांचा समूह गायला उभा राहतो. त्या दहा हजारांना बोलावून आणते ती पाच स्वरांतली साधी चाल.

आता आपल्याकडे. असा पाच स्वरांच्या अंगणात विचार करणारा मराठी संगीतकार शोधायचा तर मी वसंत देसाईंचे नाव घेईन. जन्म 1912, कुडाळजवळचे सोनवडे, म्हणजे दशावताराचा आणि भजनांचा मुलूख. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीत शिरले ते पडेल ते काम करत. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव या तिघांच्या हाताखाली संगीताची बाजू शिकले, आणि दिग्दर्शक व्ही. शांतारामांबरोबर मुंबईला राजकमल स्टुडिओत आले. ‘शकुंतला’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘गूंज उठी शहनाई’ ही नामावळी कोणीही सांगेल. समूहगानाच्या दृष्टीने महत्त्वाचे चित्रपट दोन : औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेला ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) आणि ‘गुड्डी’ (1971).

दोन्हींतल्या प्रार्थना पडद्यावरून उतरून थेट शाळेच्या पटांगणात गेल्या. गावातल्या कुठल्याही शाळेत दहाच्या सुमारास उभे राहा, त्यांतली एक तरी कानावर पडेल. असे का झाले, याचे उत्तर भक्तिभाव एवढेच देऊन भागत नाही. लता मंगेशकर आणि वाणी जयराम यांच्यासाठी बांधलेल्या चाली गळा न कमावलेल्या मुलांना पेलाव्यात, हा योगायोग असू शकत नाही. लय संथ, ओळी छोट्या, ओळीअखेर श्वासाला जागा. हरकती-मुरक्या काढून घेतल्या तरी चालीचा सांगाडा शाबूत. आवाज फुटायला आलेला नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी एकत्र म्हणू शकतात. एकट्यासाठी बांधताना संगीतकार आपली करामत दाखवू शकतो, अनेकांसाठी बांधताना ती लपवावी लागते. देसाईंना हे लपवणे साधले होते. ऑक्टोबर 1966 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या संस्कृत मैत्रीगीताची चालही त्यांचीच. उत्तरायुष्यात ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी शाळाशाळांतल्या मुलांकडून समूहगीते बसवून घेतली. 22 डिसेंबर 1975 रोजी राहत्या इमारतीतल्या लिफ्टच्या अपघातात ते गेले.

देसाईंच्या गुरुस्थानी असलेले मास्टर कृष्णराव याच प्रश्नाशी थेट दिल्लीत भिडले होते. राष्ट्रगीत म्हणून ‘वंदे मातरम्’ समूहाला आणि बँडला झेपणार नाही, असा आक्षेप होता. 25 ऑगस्ट 1948 रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत केलेल्या निवेदनातही वाद्यवृंदाच्या सोयीचा मुद्दा आहे. कृष्णरावांनी समूहाला पेलेल अशी चाल बांधून घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली. 24 जानेवारी 1950 ला निर्णय दुसरीकडे गेला, पण एका देशाचे राष्ट्रगीत ठरवताना पट्टी, लय आणि बँड यांवर खल झाला, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

यापुढची अडचण जास्त खोल आहे. भजनात किंवा प्रार्थनेत सगळे एकच चाल गातात. बेथोव्हनच्या समूहात एकाच वेळी चार वेगळ्या चाली चाललेल्या असतात आणि त्या एकमेकींत बसतात. रागसंगीताला हे मानवते का? गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले, त्यामुळे तिथल्या माणसाला हा प्रश्न घरचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) चर्चमधल्या गायकवृंदाच्या शिक्षकाचे चिरंजीव. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवता वाजवता रागांच्या नादी लागले. सारंग रागात त्यांनी वाद्यवृंदासाठी रचना केली आणि 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याबरोबर गायला लावले. पुढे 1965 च्या सुमारास ते अमेरिकेला गेले आणि तो धागा तुटला. ‘अमर अकबर अँथनी’मधले गाणे सगळ्यांना पाठ आहे, पण ते नाव प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूवरून घेतले, हे ठाऊक असणारे थोडे. अशोक राणे यांनी गोन्साल्विसांवर माहितीपट केला म्हणून निदान तेवढे तरी राहिले.

बाकी काम पडून आहे. सप्ताहातल्या चालींचे पट्टीसकट ध्वनिमुद्रण नाही. धवळ्यांचे शब्द काही संग्रहांत मिळतील, पण दुसरी बाई नेमकी कुठल्या अक्षरावर उचलते हे त्यांत नसते. राष्ट्र सेवा दलाच्या आणि लाल बावट्याच्या कलापथकांवर लिहिणारे आशयावर लिहितात, झील कशी बसवली होती हे कोणी विचारत नाही. आणि देसाईंच्या समूहगानात उभी राहिलेली मुले आज साठी-सत्तरीत असतील. त्यांच्याकडे जायचे तर वही-पेन पुरणार नाही, पेटी बरोबर न्यावी. चाल त्यांना आठवेल, पट्टी मात्र वाजवूनच शोधावी लागेल.