जाड भिंतींचा मुलूख

मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला, तेरणेच्या खोऱ्यात, ज्याने एखादे जुने गाव पाहिले असेल त्याच्या ध्यानात एक गोष्ट हटकून राहिली असेल. ती म्हणजे तेथील घरांच्या भिंती. काळ्या दगडांच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या, दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या. रस्त्याच्या अंगाला खिडकी जवळजवळ नाहीच. असलाच तर एखादा झरोका. वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा दाट थर. त्याला कुणी धाबे म्हणतात, कुणी माळवद. उन्हाळ्यात अशा घरात शिरले की अंगाची आग शांत होते.

पण केवळ उन्हासाठी माणसाने इतकी जाड भिंत बांधली असेल असे मला वाटत नाही. या मुलखाने पेंढारी पाहिले, दुष्काळाच्या सालात उठलेले दरोडेखोर पाहिले आणि १९४७-४८ मध्ये रझाकारही पाहिले. ज्याचे धान्य घरातल्या पेवात आणि ज्याचे सोने बायकोच्या अंगावर, त्याला भिंत हीच तिजोरी आणि भिंत हाच पहारेकरी. भिंतीला भोक पाडायला चोराला रात्र पुरू नये, एवढी ती रुंद असावी. सुरक्षिततेची ही कल्पना पिढ्यान् पिढ्या चालत आली आणि ती चुकीची आहे असे म्हणायला कुणाला कारणही पडले नाही.

ते कारण ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी घडले. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून, दमून भागून लोक नुकते कुठे झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही नावे त्या दिवशी साऱ्या जगाने ऐकली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८ आहे. इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. त्या वेळी मी शाळकरी मुलगा होतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, किल्लारीहून तीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. पण चौकाचौकांतून मदतफेऱ्या निघत, घराघरांतून भाकऱ्या, चादरी आणि जुने कपडे गोळा होत. आपल्याच मुलखातली माणसे गेली, ही भावना त्या दिवसांत मुलांनाही समजत होती.

भूगोलाच्या तासाला आम्हांला शिकविले होते की दख्खनचे पठार हा पृथ्वीवरील अतिप्राचीन आणि स्थिर असा भाग आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो मोठा भूकंप झाला, त्याचे खापर धरणाच्या पाण्यावर फोडून पठाराची ख्याती शाबूत ठेवली गेली होती. लातूरचा भाग तर देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. किल्लारीच्या परिसराला १९९२ च्या पावसाळ्याअखेरीस वारंवार लहान हादरे बसले, लोक भिऊन काही रात्री उघड्यावर निजलेही. पण हादरे थांबले तशी माणसे पुन्हा घरात गेली. घर म्हणजे सुरक्षित जागा, हा समज नकाशापेक्षाही जुना होता.

भूकंपाची तीव्रता सहा आणि साडेसहा यांच्या दरम्यान होती. जगाच्या हिशेबात हा काही प्रचंड भूकंप नव्हे. पुढे साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. वेळ तीच, पहाटेची; माणसे तशीच झोपलेली. तेथे मृतांची संख्या साठाच्या आसपास राहिली. जमीन तिथेही हलली. मग फरक कशाचा? फरक भिंतीचा.

आमची जाड भिंत ही खरे पाहता एक भिंत नव्हतीच. त्या दोन होत्या. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, आणि मधल्या पोकळीत माती आणि दगडांचे तुकडे. या दोन रांगांना एकमेकींशी बांधून ठेवणारा, आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. कोपऱ्यात दोन भिंती मिळत, पण एकमेकींत गुंतत नसत. वरचे धाबे गळू लागले की दर एक-दोन वर्षांनी त्यावर मातीचा नवा थर चढे. जुना कुणी काढीत नसे. बापाच्या मातीवर मुलाची माती, तिच्यावर नातवाची. जमीन हलली तेव्हा दोन रांगा फाकल्या, मधला भराव खाली बसला आणि पिढ्यांची माती निजलेल्या माणसांवर आली. ज्यांच्या घरात माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, त्यांच्यापैकी पुष्कळांचा सांगाडा तगला. आणि ज्यांना दगड परवडतच नव्हता, जे कुडाच्या भिंतींच्या खोपटात राहत, त्यांतली बहुसंख्य माणसे जिवंत बाहेर आली.

त्या सकाळी मुख्यमंत्री शरद पवार किल्लारीत पोहोचले. पाठोपाठ लष्कर आले. जवानांनी तोंडाला फडकी बांधून, पहारी-घमेल्यांनी ढिगारे उपसले. वर पाऊस कोसळत होता, आणि सामुदायिक चितांना लाकूड पुरत नव्हते. अशा वेळी जी अडचण सर्वांत आधी उभी राहिली ती गर्दीची होती. मदतीला येणाऱ्यांबरोबर केवळ पाहायला येणारेही निघाले. वाहनांनी रस्ते तुंबले. ढिगाऱ्यांखाली माणसांबरोबर त्यांची आयुष्यभराची पुंजीही गाडली गेली होती, आणि तिच्यावर डोळा ठेवून येणारेही त्या गर्दीत मिसळले. पोलिसांना गावांभोवती पहारा बसवावा लागला. ज्या भिंती चोरांसाठी म्हणून जाड बांधल्या, त्या पडल्यावर त्यांच्या दगडांची राखण करायला बंदूकवाला शिपाई उभा राहिला. तो पहारा आवश्यक होता. पण त्याला एक मर्यादा होती. तो ढिगाऱ्याला जपू शकत होता, उरलेल्या माणसांच्या मनातले भय त्याच्या आवाक्यातले नव्हते. कितीतरी कुटुंबे पुढे कित्येक महिने धड उभ्या असलेल्या घरातही रात्री पाठ टेकायला तयार होत नव्हती.

पुनर्वसनाचा खरा प्रश्न हाच होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून जो मोठा कार्यक्रम चालला, त्याचे दोन भाग होते आणि त्या दोहोंची तुलना मला फार बोधप्रद वाटते.

पहिला भाग ५२ गावांचा. ही गावे जुन्या जागा सोडून नव्या जागी वसविली गेली. कित्येक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. ज्याची जमीन जितकी, त्या मानाने २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर. रस्ते सरळ, रुंद. घरांच्या रांगा आखीव. शाळा, समाजमंदिर, सारे नकाशाप्रमाणे. इतक्या थोड्या काळात हजारो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले, हे यश लहान नव्हे. पण पूर्वी हाकेच्या अंतरावर असणारा शेजार नव्या गावात विखुरला. जनावरांना गोठा नाही, बायांना बसायला ओसरी नाही, कडब्याला जागा नाही. लोकांनी हळूहळू घरापुढे पत्रे टाकले, आडोसे उभारले आणि नकाशातल्या गावाचे आपले गाव करून घेतले.

दुसरा भाग डागडुजीचा. हा तेरा जिल्ह्यांत पसरलेला. यात सुमारे पावणेदोन-दोन लाख घरे होती. नुकसान पाहून मालकाला १७,००० किंवा ३४,००० रुपयांपर्यंत मदत, तीही हप्त्याहप्त्याने. घर ज्याचे त्याने उभारायचे आणि अभियंत्याने तपासायचे. प्रारंभी याला कुणी विचारीना. बावन्न गावांना नवी घरे आणि आम्हांला ठिगळे का, असा लोकांचा सवाल होता, आणि तो रास्त होता. तेव्हा गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हजाराहून अधिक गावांत या बाया घरोघर गेल्या. भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचा सांधा कसा घालावा, कोपरे जाळीने कसे बांधावेत, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरका आधार का हवा, धाब्यावरची माती का कमी करावी, हे त्या स्वतः शिकल्या आणि गवंड्यांना विचारू लागल्या. ज्या बाईने आजवर गवंड्यापुढे मान वर केली नव्हती, ती आता ‘सांधा कुठे आहे, दाखवा’ म्हणू लागली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले तेव्हा लातूर-धाराशिवच्या अशा काही स्त्रिया आपला अनुभव घेऊन गुजरातेत गेल्या. आणि तेथील पुनर्बांधणीत गाव हलविण्यापेक्षा मालकाच्या हाती घर सोपविण्यावर भर राहिला.

शिक्षक म्हणून मला आणखी एका कामाची आठवण ठेवावीशी वाटते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ढिगारा उपसून संपतो. पोरके मूल वाढविण्याचे काम पंधरा-वीस वर्षे पुरते. मदतीचे मोजमाप करताना आपण पोत्यांची संख्या मोजतो, वर्षांची मोजीत नाही.

भूकंपानंतर भूकंप-नकाशाही बदलला; २००२ च्या सुधारणेत किल्लारीचा परिसर वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. पण आज माझ्यासमोर बाकांवर बसणाऱ्या मुलांना किल्लारी हे नाव पानिपताइतकेच दूरचे वाटते. त्यांच्या घरांच्या भिंती आता दगड-मातीच्या नाहीत, सिमेंटच्या आहेत. त्यामुळे आपण सुटलो असे त्यांच्या वडिलांना वाटते. मात्र घर बांधताना लोखंड आणि सांधे यांत काटकसर करणारे मी रोज पाहतो. कारण सांधा गिलाव्याखाली झाकतो आणि भिंतीची रुंदी चारचौघांना दिसते. तेरणाकाठच्या आपल्या पूर्वजांचीही हीच समजूत होती. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने गिलावा चढण्यापूर्वी एकदा त्या बायांचा प्रश्न गवंड्याला विचारावा. सांधा कुठे आहे, दाखवा.