सातारा-सांगली परिसरातील बालवाचा-उपचार : खासगी सेवेची वाटचाल आणि बोलीचा प्रश्न

प्रस्तावना

मूल बोलू लागण्यास उशीर झाला की आपल्याकडे प्रथम वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावले जाते. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असा दिलासा घरातील वडीलधारी मंडळी देतात. वैद्यकीय सल्ल्याचा विचार बहुधा त्यानंतर होतो. आज सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत बालकांच्या वाचा व भाषा-उपचाराची खासगी सेवा उपलब्ध आहे. ही सेवा या भागात कोणत्या वाटेने आली आणि येताना तिने शुद्ध-अशुद्ध बोलण्याचे कोणते माप सोबत आणले, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. श्रवणाकडून वाचेकडे

भारतात वाचाशिक्षणाचा आरंभ बधिर मुलांच्या शाळांतून झाला. यातील पहिली शाळा मुंबईत कॅथलिक मिशनच्या प्रयत्नातून १८८५ च्या सुमारास सुरू झाली. पुढे रूढ झालेला ‘मूकबधिर’ हा जोडशब्द त्या काळची दृष्टी स्पष्ट करतो. मुकेपणा हा बहिरेपणाचाच परिणाम मानला जाई. ऐकू येत असूनही न बोलणाऱ्या मुलाला या विचारात वेगळे स्थान नव्हते.

उपचार हा डॉक्टरी व्यवसायाहून वेगळा, स्वतंत्र व्यवसाय असू शकतो, हे महाराष्ट्रात प्रथम व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात सिद्ध झाले. कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे प्रशिक्षण सुरू केले. वाचा-उपचाराचे पदवी शिक्षण १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात व म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय संस्थेत आकारास आले. १९८३ साली वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या मूळ नावात केवळ श्रवणदोषाचा उल्लेख होता, ही बाब लक्षणीय आहे.

सातारा व सांगली हे जिल्हे इतिहासाने जोडलेले आहेत. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला; १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. वैद्यकीय सेवेच्या दृष्टीने हा भाग मागासलेला नव्हता. मिरजेत डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभारले आणि १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. परंतु वाचा-उपचारतज्ज्ञ घडत होते ते मुंबई-म्हैसूरला. त्यामुळे ही सेवा येथे प्रामुख्याने कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यांच्या आणि श्रवणयंत्रांच्या आधाराने आली. श्रवणयंत्र एकदा विकता येते. वाचा-उपचारास मात्र महिनोन्‌महिने वेळ द्यावा लागतो. या अर्थकारणामुळेही वाचेचे काम श्रवणाच्या सावलीत राहिले.

२. कायदा आणि खासगी व्यवसाय

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने वाचा-उपचारतज्ज्ञास नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. खासगी सेवेस यामुळे कायदेशीर अधिष्ठान लाभले.

मात्र उशिरा बोलणाऱ्या मुलाचा प्रश्न कायद्याच्या व्याख्येत नीट बसला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ हा प्रकार आहे; पण त्याची व्याख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेल्या कायमस्वरूपी दोषापुरती आहे. तीन वर्षांचे, ऐकू येणारे, परंतु दोन शब्द न जोडणारे मूल तीत सहसा येत नाही. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने भाषाविकासातील विलंबाची तपासणी अंगणवाडीपर्यंत नेली, ही महत्त्वाची प्रगती होय. तरीही तपासणी गावात आणि दीर्घकालीन उपचार शहरात, अशी विभागणी झाली. जत, आटपाडी वा माण तालुक्यातील पालकास आठवड्यातून दोन वेळा शहर गाठणे म्हणजे उपचाराच्या शुल्कासोबत एस. टी. चे भाडे आणि बुडालेली मजुरी सोसणे होय.

३. फलटणची साक्ष

येथे एका मूलभूत प्रश्नाचा विचार करावा लागतो. मुलाचे बोलणे ‘सदोष’ ठरविताना कोणती मराठी प्रमाण मानावयाची? या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी सातारा जिल्ह्यातच उपलब्ध आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील विविधतेवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास १९७३ साली प्रबंध सादर केला. तिचा सामाजिक स्तराशी असलेला संबंध त्यांनी तपासला. पुढे त्यांच्या पुढाकाराने फलटणमध्ये जी शाळा उभी राहिली तिला कमला निंबकर यांचेच नाव आहे.

या दृष्टीने दोन उदाहरणे पाहावीत. एक मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘वेळ’ला ‘येळ’ म्हणते. दुसरे ‘काका’ला ‘ताता’ म्हणते. पहिल्याच्या घरी सर्वजण तसेच बोलतात. तो त्याच्या बोलीचा नियम आहे, दोष नव्हे. दुसऱ्याच्या घरी कोणीही ‘ताता’ म्हणत नाही. लहान वयात तो भाषाविकासाचा सामान्य टप्पा असतो. पण चार-पाच वर्षांनंतरही टिकल्यास लक्ष द्यावे लागते. प्रमाणभाषेचेच माप लावले तर पहिल्या मुलावर अनावश्यक उपचार होण्याचा धोका संभवतो. उलट ‘गावाकडचे मूल असेच बोलणार’ या समजुतीने दुसऱ्याची महत्त्वाची वर्षे वाया जातात. जत तालुक्यातील कन्नड-मराठी आणि मिरजेतील उर्दू-मराठी घरांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. दोन भाषांमुळे बोलणे खुंटते, हा समज चुकीचा आहे. तथापि अशा मुलाची तपासणी दोन्ही भाषांत होणे आवश्यक ठरते.

माप बदलले की गणनाही बदलते, हे जनगणनेवरून दिसते. २००१ मध्ये देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे १२ लाख ६२ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे ५० लाख ७१ हजार झाली. दहा वर्षांत बहिरेपणा चौपट झाला असे मानता येत नाही. या वाढीत बदललेल्या व्याख्येचा वाटा मोठा होता.

निष्कर्ष

सातारा-सांगलीतील बालवाचा-उपचार श्रवणाच्या दाराने व महानगरांतील शिक्षणाच्या मार्गाने आला. खासगी व्यावसायिकांनी एक मोठी उणीव भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु या भागातील मूल कोणत्या वयात काय व कसे बोलते, याची स्थानिक नोंद हाताशी असल्याखेरीज निदान अपुरेच राहील. ही नोंद एकट्या उपचारतज्ज्ञाकडून होणारी नव्हे. येथील महाविद्यालयांतील मराठी, कन्नड, उर्दू, मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी अंगणवाड्यांच्या सहकार्याने बालबोलीचे संकलन हाती घ्यावे. मुलाला घरच्या बोलीची लाज वाटू न देता बोलते करणे, हीच या उपचाराची खरी कसोटी आहे.