दोघांचा समेट, तिसऱ्याचे नुकसान

दरवाजा, बाजार, जमीन हे शब्द आपण रोज वापरतो. ते फारसीतून मराठीत आले. आमच्या घरी आजोबा सादीचे 'गुलिस्तां' वाचत, त्यामुळे इराण मला कधी परका वाटला नाही.

पुढे इतिहास वाचताना 'गुलिस्तान' पुन्हा भेटले, पण ते एका गावाचे नाव म्हणून. १८१३ साली तिथे झालेल्या तहाने इराणने जॉर्जिया, बाकू हे मुलूख रशियाला गमावले. पुस्तकातले फुलांचे गुलिस्तां आणि तहातले हे गुलिस्तान!

उत्तरेकडून रशिया सरकत होता. दक्षिणेकडे इंग्रजांना हिंदुस्थानची काळजी होती. १८५६ साली तर मुंबईहून इंग्रज फौज बोटींनी इराणच्या बुशहर बंदरावर गेली. तरीही इराण टिकला, कारण एकाने काही मागितले की शहा दुसऱ्याकडे बोट दाखवी. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ!

१९०६ च्या उन्हाळ्यात राज्यघटना हवी म्हणून तेहरानचे हजारो लोक रस्त्यावर आले. व्यापारी, मौलवी, विद्यार्थी, सगळेच. त्यांनी आसरा घेतला तो इंग्रज वकिलातीच्या आवारात. शहा नमला. त्याच वर्षी इराणची पहिली मजलिस, म्हणजे लोकसभा, भरली.

पण आता जर्मनी वाढत होता आणि जपानकडून हरलेल्या रशियाला उसंत हवी होती. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट पीटर्सबर्गला जुन्या वैऱ्यांनी करार केला. तेहरानसह उत्तर भाग रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय भाग इंग्रजांच्या, मधला मोकळा. इराणच्या स्वातंत्र्याचा आदर राखू, असेही त्यात लिहिले होते. इराणला मात्र कोणी विचारलेच नाही.

१९०८ च्या जूनमध्ये रशियन कर्नल ल्याखोव्हच्या हुकमाखालील इराणच्याच कोसॅक पलटणीने मजलिसीवर तोफा डागल्या. लोकांनी लढून ती परत मिळवली. तिजोरी सावरायला त्यांनी मॉर्गन शुस्टर या अमेरिकन माणसाला बोलावले. १९११ मध्ये रशियाने त्याला काढा म्हणून निर्वाणीचा खलिता धाडला. इंग्रजांनी रशियाला अडवले नाही. मजलिसीने नकार दिला. शेवटी ती मजलिसच बरखास्त झाली. १९४१ मध्येही याच दोघांच्या फौजा एकत्र इराणात शिरल्या.

मोठ्यांचा समेट झाला की आपण शांतता आली असे समजतो. मला मात्र वकिलातीच्या आवारात विश्वासाने पथारी टाकून बसलेली ती माणसे आठवतात. समेट कोणी केला हे बातमीत असतेच. तो कोणाच्या जमिनीवर केला आणि तिच्या मालकाला विचारले का, हेही विचारावे.