अनुग्रह की ऐवज? : दूषित रक्ताने बाधित रुग्ण आणि शासनाची जबाबदारी

उर्दूतील 'मुआवजा' आणि मराठीतील 'ऐवज' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. एखाद्याचे जे गेले त्याच्या बदल्यात द्यावयाची वस्तू, हा त्यांचा मूळ अर्थ होय. आपल्या रोजच्या बोलण्यातील 'च्याऐवजी' याच कुळातला. याउलट शासकीय मराठीत 'सानुग्रह अनुदान' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. त्यात देणारा कृपा करतो आणि घेणारा उपकृत होतो. मुआवज्यात मात्र देणारा ऋणको असतो. हा भेद केवळ कोशातला नाही. दूषित रक्तामुळे एचआयव्ही किंवा काविळीची बाधा झालेल्या रुग्णांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास याच भेदाभोवती फिरतो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ब्रिटनच्या उदाहरणावरून त्याचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

हिमोफिलियाच्या रुग्णांत रक्त गोठविणाऱ्या घटकाची जन्मजात उणीव असते. १९७० च्या दशकात हा घटक रक्तद्रवातून वेगळा काढून भुकटीच्या स्वरूपात मिळू लागला. रुग्णाला घरीच इंजेक्शन घेता येऊ लागले, त्यामुळे हे औषध वरदान ठरले. परंतु ते तयार करताना हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र केला जाई. त्यांपैकी एकाला जरी बाधा असली तरी संपूर्ण साठा दूषित होत असे. ब्रिटनमध्ये या औषधाचा मोठा भाग अमेरिकेतून येई. तेथे पैसे घेऊन रक्तद्रव देणाऱ्यांत कारागृहातील कैदीही होते. १९७५ साली तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देश याबाबतीत स्वयंपूर्ण करण्याचे धोरण जाहीर केले आणि निधीही दिला, पण हे उद्दिष्ट वेळेत साध्य झाले नाही.

जुलै १९८२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलियाच्या तीन रुग्णांना एड्ससदृश आजार झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. मे १९८३ मध्ये ब्रिटनच्या संसर्गजन्य रोग निरीक्षण केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला लेखी सूचना केली : १९७८ नंतर अमेरिकेत घेतलेल्या रक्तापासून बनविलेली औषधे वापरातून काढून घ्यावीत. ही सूचना स्वीकारली गेली नाही. रक्तजन्य औषधांतून एड्स पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही, अशीच भूमिका शासनाने घेतली. येथे एक मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे. निर्णायक पुरावा हाती येईपर्यंत थांबणे हा संशोधकाचा धर्म असू शकतो. परंतु प्रजेच्या जीविताची राखण करणाऱ्याचा तो धर्म नव्हे.

परिणाम भयंकर झाला. रक्तजन्य औषधे आणि शस्त्रक्रिया, बाळंतपण आदी प्रसंगी दिलेले रक्त मिळून ३०,००० हून अधिक लोकांना एचआयव्ही व हिपॅटायटिसची बाधा झाली. त्यांपैकी ३,००० च्या आसपास मृत्युमुखी पडले. रक्तस्रावाचा विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्ही झाला, त्यांत ३८० मुले होती. हॅम्पशायरमधील ट्रेलोर या निवासी शाळेत १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाची १२२ मुले शिकली. त्यांपैकी सुमारे ३० जणच आज हयात आहेत. अध्यापकवर्गाने हा आकडा विशेष लक्षात ठेवावा. मुले शाळेच्या स्वाधीन होती, उपचारही शाळेच्या आवारातच होत, आणि काही उपचार पालकांच्या पुरेशा माहितीविना केलेल्या संशोधनाचा भाग होते.

मदत, परंतु जबाबदारीविना

१९८८ मध्ये शासनाने १ कोटी पौंड देऊन 'मॅकफार्लेन ट्रस्ट' स्थापन केला. ही रक्कम स्पष्टपणे सानुग्रह होती. अर्जदाराला आपली गरज सिद्ध करावी लागे. ज्याचे आयुष्य गेले त्यालाच याचकाच्या रांगेत उभे राहावे लागे. पुढे एचआयव्हीबाधितांनी दावे केले तेव्हा १९९१ साली तडजोड झाली. मात्र रक्कम हवी असेल तर हिपॅटायटिसबाबत पुन्हा दावा करणार नाही, असे लिहून द्यावे लागले. त्यांतील अनेकांना हिपॅटायटिस सी झालेला होता आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. या आजाराच्या बाधितांसाठी स्वतंत्र निधी २००४ साली निघाला. तोही सानुग्रहच होता.

इतर देशांत काय घडले? फ्रान्समध्ये ३१ डिसेंबर १९९१ च्या कायद्याने रक्तामुळे एचआयव्ही झालेल्यांसाठी भरपाई निधी निर्माण झाला. १९९२ मध्ये राष्ट्रीय रक्त केंद्राच्या माजी संचालकाला कारावासाची शिक्षा झाली. ९ एप्रिल १९९३ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९८४ पासूनच्या दिरंगाईसाठी राज्याला उत्तरदायी ठरविले. धोका कळल्याची तारीख न्यायालयाने निश्चित केली, हे या निर्णयाचे महत्त्व आहे. जपानमध्ये दडलेल्या फायली सापडल्यानंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी पीडितांची माफी मागितली. मार्चमध्ये प्रत्येकी ४ कोटी ५० लाख येनची तडजोड झाली.

ब्रिटनला याच टप्प्यावर पोहोचण्यास आणखी अठ्ठावीस वर्षे लागली. २०१७ साली चौकशी जाहीर झाली. न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांचा सात खंडांचा अहवाल २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. ही आपत्ती अपघात नव्हती, ती बऱ्याच अंशी टाळता आली असती, सत्य लपविले गेले आणि काही कागदपत्रे हेतुपुरस्सर नष्ट करण्यात आली, असे त्यांचे निष्कर्ष आहेत. त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. तत्पूर्वी डिसेंबर २०२३ मध्ये भरपाईच्या यंत्रणेसाठीची दुरुस्ती शासनाचा विरोध असूनही २४६ विरुद्ध २४२ मतांनी संमत झाली होती. २०२४ च्या कायद्याने भरपाई प्राधिकरण अस्तित्वात आले व ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात ११.८ अब्ज पौंडांची तरतूद झाली. अनुग्रहापासून ऐवजापर्यंतचा हा प्रवास छत्तीस वर्षांचा आहे. ज्यांच्यासाठी तो झाला त्यांतील कित्येकजण वाटेतच संपले.

आपल्याकडील स्थिती

भारतात ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निर्णय दिला. रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा झाला आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची प्रथा दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश निघाला. हा निर्णय पुढील रुग्णांचे रक्षण करणारा होता, झालेल्या हानीचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला. २६ सप्टेंबर २०२३ रोजी त्याला एक उत्तर मिळाले. २००२ साली लष्करी रुग्णालयात रक्त घेताना एचआयव्ही झालेल्या वायुदलातील एका माजी सैनिकाला दीड कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि सेना व वायुदल या दोघांनाही उत्तरदायी ठरविले. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधील चाईबासा येथे थॅलेसेमियाच्या बालकांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य शासनाने जाहीर केली ती प्रत्येकी दोन लाखांची मदत. शब्द पुन्हा 'मदत' हाच होता.

समारोप

भरपाईने गेलेला जीव परत येत नाही, हे खरे. तथापि शासन जेव्हा 'मदत' हा शब्द टाकून 'भरपाई' म्हणते, तेव्हा चूक आपली होती हे ते मान्य करते. आणि चूक मान्य झाल्याखेरीज तिची पुनरावृत्ती टाळण्याची यंत्रणा उभी राहत नाही. सैनिकाला न्याय मिळाला तो न्यायालयाची पायरी चढून, एकवीस वर्षांनी. चाईबासाच्या मुलांच्या पालकांनी तोच मार्ग धरावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे न्याय नाकारणेच होय. रक्तामुळे बाधा झाल्यास दोष सिद्ध करण्याचा भार रुग्णावर न टाकता भरपाई देणारा कायदा फ्रान्सने १९९१ मध्येच केला. तशा कायद्याची आपल्याकडे आज नितांत आवश्यकता आहे. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या महाविद्यालयांनी या मागणीचा विचार करावयास हवा, कारण आपल्या विद्यार्थ्यांनी दिलेले रक्त पुढे कोणत्या हातांतून जाते, हे विचारण्याचा अधिकार त्यांना निश्चितच आहे.