मुष्टियुद्ध, हेवीवेट : उदयोन्मुख खेळाडू, लढती व आरोग्य

व्यावसायिक मुष्टियुद्धातील सर्वांत वरचा वजनगट. २०० पौंडांहून (९०.७ किलो) जास्त वजनाचे मुष्टियोद्धे या गटात येतात, २००३ पर्यंत ही सीमा १९० पौंड होती. इतर गटांना वजनाची कमाल मर्यादा असते, हेवीवेटला ती नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रियाध येथील लढतीत युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक २२६ पौंडांचा, तर इंग्लंडचा टायसन फ्युरी २८१ पौंडांचा होता. दोघांत सुमारे २५ किलोंची तफावत असूनही लढत नियमांत बसली. जिंकला हलका उसिकच. मात्र असे कौशल्य प्रत्येकाच्या अंगी नसते, आणि या गटातील दुखापतींचा विचार या वजनापासूनच सुरू करावा लागतो.

उदयोन्मुख खेळाडू : हौशी स्पर्धांत पदके मिळवून व्यावसायिक रिंगणात उतरलेल्या तरुणाला प्रवर्तक सुरुवातीला बेताचे प्रतिस्पर्धी देतात. सगळे सामने जिंकलेला, त्यातही बहुतेकांना बाद केलेला खेळाडू ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणून मिरवला जातो. पराभवाच्या रकान्यातील शून्याला बाजारात मोठी किंमत असते. सध्याचे ठळक नाव मोझेस इटाउमा. २८ डिसेंबर २००४ रोजी स्लोव्हाकियात जन्मलेला हा डावखुरा ब्रिटिश मुष्टियोद्धा सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता होण्याचा माइक टायसनचा विक्रम मोडेल, अशी चर्चा होती. टायसन २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ट्रेव्हर बर्बिकला हरवून जगज्जेता झाला होता. ते वय इटाउमाने किताबाविना ओलांडले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने ३७ वर्षांच्या डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत बाद केले. असे विजय नेत्रदीपक असतात, पण खेळाडू स्वतः किती मार सोसू शकतो हे त्यांतून कळत नाही.

ते कळण्याची वेळ फार महागात पडू शकते. रशियातील दागेस्तानचा मागोमेद अब्दुसलामोव्ह १८ पैकी १८ लढती प्रतिस्पर्ध्याला बाद करून जिंकला होता. २ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्यूबाच्या माइक पेरेझशी तो दहाही फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. तो एकदाही कोसळला नाही, म्हणून पंचांनी लढत थांबवली नाही. नंतर कपड्यांच्या खोलीत त्याच्या जखमेला टाके पडले, पण डोके दुखत असल्याची तक्रार असूनही रुग्णवाहिका मिळाली नाही. तो टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्ताची गाठ निघाली, कवटी उघडावी लागली, पक्षाघात झाला, आणि तो कायमचा परावलंबी झाला. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कुटुंबाला २ कोटी २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

दुखापतींची कारणे : ठोशाने डोके झटक्यात वळते तेव्हा मेंदू कवटीच्या आत मागे राहतो आणि त्याच्या आवरणाशी जोडलेल्या बारीक शिरा फाटू शकतात. रक्त हळूहळू साठत जाते. बोलता-चालता माणूस काही तासांनी बेशुद्ध पडतो. त्यामुळे लढतीनंतरचे निरीक्षण लढतीइतकेच महत्त्वाचे ठरते. चेहऱ्याच्या दुखापती लवकर दिसतात. २०२० मध्ये जो जॉइसविरुद्ध डॅनियल ड्युबॉइसच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. दहाव्या फेरीत गुडघा टेकून त्याने लढत सोडली, तेव्हा त्याला पळपुटा म्हणणारे कमी नव्हते. डोळा वाचवण्याचा तो निर्णय योग्यच होता. चार वर्षांनी त्यानेच वेम्ब्लीवर अँथनी जोशुआला बाद केले.

वर्षानुवर्षे ठोसे खाऊन होणारा मेंदूविकार वेगळा. १९२८ मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी त्याचे वर्णन केले. या विकाराचे खात्रीशीर निदान आजही मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होते. मुहम्मद अली ३८ व्या वर्षी, ऑक्टोबर १९८० मध्ये, लॅरी होम्सशी लढला. दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली, तरीही पुढच्या वर्षी अली पुन्हा रिंगणात उतरला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनच्या लक्षणांचे निदान झाले.

लढतींची जुळणी : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ व डब्ल्यूबीओ या चार संस्था आपापला किताब देतात आणि आव्हानवीर ठरवतात. ठरलेल्या आव्हानवीराशी न लढल्यास पट्टा जातो. उसिकने मे २०२४ मध्ये चारही किताब एकत्र केले; लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झालेला तो पहिलाच. पुढच्याच महिन्यात त्याला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला, आणि तो न लढता ड्युबॉइसकडे गेला. जुलै २०२५ मध्ये उसिकने ड्युबॉइसला पाचव्या फेरीत बाद करून तो परत मिळवला. जाहीर झालेली तारीख मात्र पाळली जाईलच असे नाही : उसिक-फ्युरी पहिली लढत फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरली होती, पण सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर खोक पडल्याने ती मे महिन्यात गेली.

भारत : हवासिंग यांनी १९६६ व १९७० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत या गटाची सुवर्णपदके जिंकली. ऑलिंपिकच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सुपर हेवीवेट, गटात उतरलेला पहिला भारतीय म्हणजे उत्तर प्रदेशातील सेनादलाचा सतीशकुमार. टोकियोत आधीच्या लढतीतील जखमांवर हनुवटी व डोळ्याजवळ १३ टाके घालून तो उपांत्यपूर्व फेरीत उझबेकिस्तानच्या बखोदीर जालोलोव्हसमोर उभा राहिला आणि ०-५ असा हरला. देशभर त्याच्या जिद्दीचे कौतुक झाले. ताजे टाके असलेल्या खेळाडूला रिंगणात सोडावे का, याची चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली. जालोलोव्हने टोकियोपाठोपाठ पॅरिसचे सुवर्णपदकही जिंकले.