ओट्यावरचा पुदिना

विष्णुपुरीत राहून मातीविना भाजी लावण्याचा विचार करणे हा तसा विनोदच म्हणायचा. विद्यापीठाच्या आवाराबाहेर पडले की काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, कापूस-सोयाबीन पोसणारी जमीन सुरू होते. जवळच गोदावरी अडवलेली आहे. तरीही गेल्या वर्षी आमच्यातल्या एका घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर एक पांढरी पेटी आली. खाली चार लिटरांची टाकी, वर सहा छिद्रे, त्यांवर दिव्याची कमान. पुदिना, तुळस, कोथिंबीर बारमाही मिळेल असे खोक्यावर छापलेले होते. दुसऱ्या घरासाठी तशीच घ्यावी की वेगळी, या प्रश्नावर जी चर्चा झाली, ती साहित्याच्या माणसांच्या खोडीप्रमाणे शब्दापासून सुरू झाली आणि इतिहासात शिरली.

'हायड्रोपोनिक्स' हा शब्द ग्रीक घटकांतून घडवलेला आहे. हायड्रो म्हणजे पाणी, पोनोस म्हणजे कष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी 1937 मध्ये तो प्रचारात आणला. सुचवला होता त्यांचे सहकारी सेचेल यांनी. गेरिक आधी 'ॲक्वाकल्चर' म्हणत, पण तो शब्द जलचरांच्या संवर्धनासाठी अगोदरच वापरात होता. मराठीतही अडचण जवळपास तीच. 'जलसंवर्धन' म्हणावे तर डोळ्यांपुढे बंधारे आणि पाझर तलाव उभे राहतात. 'मृदाविरहित शेती'ला परिपत्रकाचा वास येतो. 'बिनमातीची शेती' हे त्यातल्या त्यात बोलीला जवळचे. गंमत अशी की मूळ शब्दात कष्ट ठसठशीत आहेत, आणि पेटी विकली जाते ती मात्र कष्ट नाहीत या एकाच बोलीवर.

शब्द विसाव्या शतकातला असला तरी प्रयोग जुना आहे, आणि त्याचे मुख्य पात्र योगायोगाने आपल्याच ओट्यावरचे. व्हॅन हेलमाँटने कुंडीतल्या वाळुंजाच्या रोपाला पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड वाढले, माती जवळजवळ तेवढीच राहिली. तेव्हा झाड पाण्याचेच बनते असा निष्कर्ष त्याने काढला. 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तो प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील जॉन वुडवर्डला हे पटेना. 1691 च्या उन्हाळ्यात त्याने पुदिन्याच्या काड्या वेगवेगळ्या पाण्यांत ठेवल्या आणि 77 दिवसांनी तोलल्या. पावसाच्या पाण्यातली साडेसतरा ग्रेन वाढली होती, थेम्सच्या गढूळ पाण्यातली सव्वीस. म्हणजे पाणी वाहक. पोसते ते त्यात विरघळलेले. हा निबंध 1699 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हवेतल्या कर्बाचा वाटा तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे वुडवर्डचे उत्तरही अर्धेच होते. पण पुढे 1860 च्या आसपास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी झाडाला लागणाऱ्या क्षारांची मोजकी द्रावणे तयार केली, त्याची वाट या काड्यांनीच दाखवली.

गेरिक यांची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. त्यांनी पाण्यावर टोमॅटोचे सुमारे पंचवीस फूट उंचीचे वेल वाढवले, वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून गाजवले. विद्यापीठाने कृती मागितली. शोध आपण घरच्या वेळात लावला असे सांगून त्यांनी ती नाकारली आणि अखेर नोकरी सोडली. मग त्याच विद्यापीठातील होगलँड आणि आर्नन यांना दाव्यांची तपासणी सोपवण्यात आली. 1938 च्या त्यांच्या पत्रिकेचा निष्कर्ष थंड डोक्याचा होता: उत्तम जमिनीपेक्षा या पद्धतीने मुळातच जास्त पीक येते असे नाही. त्यांच्याच नावाचे द्रावण जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते. दावा खोडणाऱ्याचे द्रावण टिकावे, हे आम्हा समीक्षेच्या विद्यार्थ्यांना विशेष भावले.

आमच्या दृष्टीने खरे वळण मात्र 1946 मध्ये कालिम्पोंगला आले. बंगाल सरकारच्या प्रायोगिक शेतावर जे. शोल्टो डग्लस यांनी पंप, नळ्या, यंत्रे बाजूला ठेवून खडीच्या वाफ्यांत कोरडे क्षार भुरभुरायचे आणि वरून हाताने पाणी द्यायचे, अशी पद्धत बसवली. 1951 च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'बेंगॉल सिस्टिम' आहे. जिथे वीज नाही आणि पैसा नाही तिथे हे चालावे, हा त्यांचा आग्रह होता. पांढऱ्या पेटीच्या वंशावळीत हे कालिम्पोंगचे नाव कोणी घेत नाही.

आता ओट्यावर परत. मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या वर जातो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. उथळ टाकीतले पाणी दुपारी त्याहूनही तापते. त्यात वीज गेली, पंप थांबला, आणि दोन दिवसांत पुदिन्याची मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली. त्याआधी बोअरचे पाणी घालून पाहिले होते. त्या जड पाण्याने द्रावणाचा सामू चढतो, लोह झाडाला मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. उपाय म्हणून शुद्धीकरण यंत्राचे पाणी घ्यायचे, तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत जाते. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्यानंतर 'पाणी वाचवणारी शेती' हे शब्द इथे सहज उच्चारता येत नाहीत. मोठ्या शेडमध्ये, द्रावण फिरवून वापरताना, बचत खरीच होते. ओट्यावर मोरीचाही हिशेब मांडावा लागतो. ते टाकाऊ पाणी आम्ही आता फरशीला वापरतो.

दुसरी पेटी घेतली नाही. हवाई विद्यापीठातील क्रॅटकी यांची बिनपंपाची रीत पुदिन्याला पुरेशी वाटली: प्रकाश न शिरणारा डबा, झाकणात जाळीची वाटी, तिच्या तळाला टेकेल एवढे द्रावण. पाणी उतरत जाते, मोकळ्या जागेत हवा घेणारी मुळे फुटतात. डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, नाहीतर तीच मुळे गुदमरतात. ही चूक आमच्याकडून एकदा झाली. पंपच नसल्याने भारनियमनाची भीती उरत नाही. उन्हाळ्यात डब्याभोवती ओले फडके गुंडाळतो.

कोथिंबिरीचे सोटमूळ लांब, आणि उन्हात ती लगेच फुलावर येते, म्हणून तिला कालिम्पोंगची रीत. धने दुभंगून पसरट घमेल्यात, बेसाल्टच्या बारीक खडीत. खडीत चुनखडीचे खडे असतील तर लिंबाच्या रसाने फेस येतो. तेवढे वेचून काढले. पांढऱ्या पेटीची टाकी माळ्यावर गेली. दिव्याची कमान तेवढी काढून घेतली आहे. श्रावणातल्या झाकोळलेल्या दिवसांत ती घमेल्यावर धरतो.